माझ्या बाजूची गळती

“अहो, गाडीत कुत्र्याची छत्री उगवलीय!”

मी गाडीचं माझ्या बाजूचं दार उघडून आत वाकले होते. पायाखालचं रबरी पायपुसणं उचललं, तर खालच्या ओल्या गालिच्याच्या कोपऱ्यात ही बया उभी. पांढरीशुभ्र, नाजूक दांड्याची, वर टोपी. आमच्या घरात इतकं टवटवीत दुसरं काहीच नाही.

आमचे हे बॉनेटपाशी उभे होते, माझ्यापासून फार तर चार हातांवर.

“हं,” हे म्हणाले.

“हं काय हं? छत्री म्हणतेय मी! उद्या कोथिंबीरही पेरू या आत, म्हणजे बाजारात जायला नको.”

“हं. बघतो नंतर.”

आता हे ‘हं’ काय प्रकरण आहे ते आधी सांगते. एकदोन वर्षांपासून ह्यांचं सगळ्याला हेच उत्तर. चहा हवा का? हं. वीज गेलीय. हं. घर पेटलंय म्हटलं असतं तरी हं, बघतो नंतर. निवृत्त झालेली माणसं बायकोचं अर्धंच ऐकतात असं माझी मोठी जाऊ म्हणायची, म्हणून मी सुरुवातीला सोडून दिलं. पण मग कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन भाजीचं पिठलं व्हायची वेळ आली तरी कुकरशेजारी बसलेला हा माणूस शांतपणे पेपर वाचतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा शंका आली. एक दिवस मुद्दाम ह्यांच्या पाठीमागे उभी राहून म्हणाले, “तुमचा तो राखाडी स्वेटर मी देऊन टाकला हो.” त्या स्वेटरला मी नुसती टाचणी लावली तरी हे घर डोक्यावर घ्यायचे. त्या दिवशी म्हणाले, “हं, चांगलं केलंस.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. हसावं की रडावं, कळेना.

कारण दुसऱ्या कुणाचा कान गेला असता तर मला काही वाटलं नसतं. वय झालं की माणसाचं एकेक जायचंच. पण आमचे हे पाणीपुरवठा खात्यात होते, आणि ह्यांचं कामच मुळी ऐकायचं. जमिनीखाली नळ फुटला, पाणी कुठेतरी मुरतंय, पण रस्ता वरून कोरडा ठणठणीत. अशा वेळी हे एक लांब लोखंडी सळई घेऊन जायचे. तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी बसवलेली. सळईचं एक टोक रस्त्यावर, वाटी कानामागे, डोळे मिटलेले. पाऊल पाऊल सरकत ऐकत जायचे. भोवतीचे खोदणारे गडी फावडी धरून चिडीचूप, कुणी खोकायचंसुद्धा नाही. आणि मग हे मोकळा हात हळूच वर करायचे. बोलायचे काही नाहीत. हात वर झाला की समजायचं, सापडलं, इथे खणा. खात्यात ह्यांना कुणी नावानं हाक मारलीच नाही. सगळे ‘कान’ म्हणायचे. “कान आलेत का?” “कानांना विचारा.” लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे घास हातात धरून मध्येच थांबले. मला वाटलं, झालं, मीठ जास्त पडलं. तर म्हणाले, “शेजारच्यांची टाकी भरून वाहतेय,” आणि खरकट्या हातानं सांगायला गेले.

अशा माणसाला, तुमचा कान गेलाय, असं कुणी सांगायचं? टक्कल पडलंय हे मी ह्यांना लगेच सांगितलं होतं. हे मात्र माझ्या तोंडून निघेना.

आता गाडी. गाडी जुनी आहे, घेतली तेव्हाही जुनीच होती. रंग निळा, म्हणजे निळा होता. रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभी असते. माझ्या बाजूचं दार आतून उघडत नाही. हे उतरून, वळसा घालून येतात आणि बाहेरून उघडतात. बघणाऱ्यांना वाटतं, काय हा बायकोचा मान! तर ह्या गाडीत पाऊस पडला की पाणी यायचं, आणि तेही फक्त माझ्या बाजूला. ह्यांच्या पायाखाली वाळवंट, माझ्या पायाखाली डबकं. ब्रेक दाबला की ते पाणी पुढे जायचं, सुटलो की परत माझ्या घोट्यांशी यायचं. वास तर असा, की भाजीवाला गाडीजवळ आला की पिशवी खिडकीतून देऊन मागे सरायचा.

मी म्हटलं असतं, जाऊ दे, चपला हातात घेऊन बसत जाऊ. पण मुलीचा फोन आला. रविवारी ती, जावई आणि आमची तान्ही नात, अशी तिघं पहिल्यांदाच येणार होती.

“बाबा, मी स्पष्ट सांगते,” मुलगी स्पीकरवरून म्हणाली. आमच्या मुलीला स्पष्ट सांगायची सवय आहे. कुणाची ते विचारू नका. “त्या बुरशीच्या वासात मी बाळाला बसवणार नाही. गाडी कोरडी झाली असेल तर स्टेशनवर या. नाहीतर आम्ही टॅक्सीनं येतो. आणि तुमच्या जावयांनी गाडीला एक गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. रविवारीसुद्धा तशीच असेल तर देऊन टाकू, बाबा. किती दिवस ओढायची?”

“हं,” हे म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून हसले. “मजेत आहे ना?”

मग मला ते सगळं पुन्हा, समोर बसून, मोठ्यानं सांगावं लागलं. टॅक्सीचं ऐकून ह्यांचा चेहराच उतरला. गिऱ्हाइकाचं ऐकून हे उठून उभे राहिले.

“नातीला मी आणणार,” हे म्हणाले. “माझ्या गाडीतून. अख्ख्या गावाची गळती काढली, दीड हात गाडीची काढता येणार नाही मला?”

तो सोमवार. त्या दिवसापासून आमच्या दाराशी जे सुरू झालं ते बघायला शेजाऱ्यांनी गॅलरीत खुर्च्या आणून ठेवल्या.

आधी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारलं. त्यानं गाडीत डोकं घातलं, नाक धरून बाहेर काढलं. “काका, म्हाताऱ्या गाडीचं असंच असतं. फट दिसेल तिथे सीलंट मारा. बाकी देव आहे.”

पण फट शोधणार कोण? ह्यांनी माळ्यावरून सळई काढली. पुसली, वाटीला तेल लावलं. मी वरून नळीनं पाणी सोडायचं आणि ह्यांनी गाडीच्या टपावर, दाराला, काचेला सळई टेकवून डोळे मिटायचे. लोक जाता जाता थांबायचे. एकानं मला विचारलं, “गाडीला ताप आहे का?”

“दाराचं रबर,” पहिल्या दिवशी ह्यांनी निकाल दिला. अगदी पूर्वीसारखा, ठाम. मग रबराला पावडर फासून दार लावायचं, उघडायचं आणि पावडर कुठे लागली नाही ते बघायचं. कागदाची पट्टी दारात धरून ओढून बघायची, अलगद निघाली तर तिथे फट. हे सगळं मी आत बसून केलं. बाहेर आले तेव्हा मी पावडरीत घोळलेली होते, आणि शेजारच्या वहिनी दचकून मागे सरल्या. रबर बदललं. गाडीवर पाणी मारलं. माझ्या बाजूला डबकं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला, समोरची काच. काचेभोवती सीलंट मारलं. डबकं. मग टपावरची पट्टी. डबकं. मग माझ्या बाजूची सीट काढून ती आमच्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवली, गालिचा कुंपणावर वाळत घातला. सीटचं मात्र बरं झालं. मागे पडायची सोय असलेली दुसरी खुर्ची आमच्या घरात नाही. मी दुपारी तिच्यावर पडून दोन डुलक्या काढल्या आणि विजेचं बिल वाटायला आलेल्या माणसाला तिच्यावर बसवलं, तर तो सवयीनं पट्टा शोधायला लागला.

पण हसता हसता माझं लक्ष ह्यांच्याकडे होतं. सळई टेकवल्यावर पूर्वी ह्यांच्या चेहऱ्यावर एक गंमत असायची, कुणीतरी कानात गुपित सांगतंय अशी. आता नुसतीच आठी. डोळे मिटून हे बराच वेळ थांबायचे, मग डोळे उघडून गाडीकडे बघायचे आणि जिथे फट असावी असं वाटेल ते सांगायचे. हात एकदाही वर केला नाही. हे ऐकत नव्हते, अंदाज बांधत होते. आणि तरी मी म्हणायची, “हो हो, तिथेच असणार.” काय करणार?

शनिवार उजाडला. आता एकच दिवस.

“आज शेवटचा उपाय,” हे म्हणाले. “तू आत बस. काचा बंद. टॉर्च घे, खडू घे. मी बाहेरून एकेका जागी पाणी सोडतो. आत थेंब दिसला की खडूनं खूण कर आणि मला ओरडून सांग.”

‘ओरडून सांग’ ह्या दोन शब्दांवर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण ह्यांचा उत्साह बघून गप्प बसले. सीट तर घरात, म्हणून स्वयंपाकघरातला बुटका स्टूल आत ठेवला, मी त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले, ह्यांनी बाहेरून दार लावलं आणि नळी सोडली.

टपावर धो धो आवाज. काचांवरून पाण्याचे पडदे. मी टॉर्च इकडे फिरवतेय, तिकडे फिरवतेय. सगळं कोरडं. आणि मग ऐकू आलं. टप. डॅशबोर्डच्या आत, समोरच्या कप्प्याच्या मागे कुठेतरी. टप. टप.

“अहो, आलं! येतंय बघा! पुढून येतंय!”

काचेपलीकडे हे दिसत होते. माझ्याकडे बघून हसले आणि मान हलवली. ओठांवरून मला स्पष्ट दिसलं, हे म्हणाले, “हं.”

“अहो, हं नाही! थांबा! थांबा म्हणते ना!”

ह्यांनी अंगठा वर केला आणि नळी आणखी जवळ धरली. टपटपीची धार झाली. ती गरम हवेच्या जाळीतून थेट माझ्या मांडीवर. मी ओरडतेय, काचेवर टॉर्च आपटतेय. माझं शोधकाम जोरात चाललंय असं वाटून ह्यांनाही स्फुरण चढलं, नळीच्या तोंडाशी बोट धरून हे फवारा मारायला लागले. दार आतून उघडत नाही. काच खाली करावी तर फवारा थेट तोंडावर. ह्यांच्या बाजूनं निघावं तर मध्ये गिअरचा दांडा, आणि त्याचं आणि माझ्या गुडघ्यांचं मुळीच जमत नाही. गॅलऱ्या भरल्या. समोरचा कुत्रा भुंकायला लागला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी हातवारे करतायत. आणि ह्या सगळ्याच्या मध्ये आमचे हे गुणगुणत, आनंदानं, स्वतःच्या बायकोला बुडवतायत.

शेवटी मी आडवी होऊन हात लांबवला आणि हॉर्न दाबला.

हे दचकले. नळी टाकून तावातावानं आले, दार उघडलं. “अगं, हॉर्न काय वाजवतेस? लोकं काय म्हणतील? हाक मारायची ना!”

माझ्या केसांतून पाणी गळत होतं. घशातून आवाज फुटेना. मी वर गॅलऱ्यांकडे बोट केलं. हे वैतागून मागे वळले, तर सगळ्या गॅलऱ्यांमधली माणसं ह्यांच्याकडेच बघत होती. वरच्या वहिनी कठड्यावरून वाकून म्हणाल्या, “अहो, कधीच्या हाका मारतायत त्या! आम्ही सगळे खाली पळणार होतो.”

हे ह्यांना ऐकू गेलं की नुसतं दिसलं, मला माहीत नाही. पण कळलं. चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. हे हळूच गेले, नळ बंद केला, नळी गुंडाळून ठेवली. मग गाडीत आपल्या जागेवर येऊन बसले आणि दार ओढून घेतलं. मी स्टुलावर, भिजलेली. दोघंही समोर बघत.

“किती वेळ ओरडत होतीस?”

“फार नाही.”

“खरं सांग.”

“घसा बसलाय माझा,” मी म्हणाले. ते सांगायचीही गरज नव्हती.

हे थोडा वेळ स्टिअरिंगवरून बोट फिरवत राहिले. “मला वाटलं, गळती थांबली. आतून काहीच आवाज नाही म्हटल्यावर मी खूश झालो.” मग म्हणाले, “बारीक आवाज गेले गं माझे. आधी भिंतीवरचं घड्याळ गेलं. मग सकाळची पाखरं गेली. थेंब कधी गेला ते कळलंच नाही मला. तो गेला तर मी कोण राहिलो?”

मला रडू आलं. ते मी गाडीतल्या पाण्यावर ढकललं. तशीही सगळी भिजलेलीच होते.

“तुला माहीत होतं?” ह्यांनी विचारलं.

“स्वेटर दिला तेव्हापासून.”

“कुठला स्वेटर?”

“राखाडी.”

“तो देऊन टाकलास?” हे असे ओरडले की समोरचा कुत्रा पुन्हा भुंकला.

“नाही हो! पेटीत आहे. नुसतं म्हणाले होते, ऐकू येतं का ते बघायला.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. मग मलाही. बसलेल्या घशानं हसणं म्हणजे काय प्रकार असतो ते कुणाच्या वाट्याला न येवो.

हसू ओसरल्यावर हे उतरले, नळी काचेवर पाणी पडेल अशी बांधून पुन्हा नळ सोडला आणि सळई घेऊन माझ्या बाजूला आले. सळई माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत ह्या सळईला मला झाडतानासुद्धा हात लावू दिला नव्हता.

“धर. कानाला लावू नकोस. कानाच्या मागे हाड आहे ना, त्याला टेकव. कान फसतो, हाड फसत नाही. आता डोळे मीट.”

मी मिटले. “धकधक येतंय.”

“ते तुझंच आहे. ते सोड. त्याच्या पलीकडचं ऐक.”

स्वतःच्या धकधकीच्या पलीकडचं ऐकणं सोपं नसतं, बरं का. पण हे शेजारी गुडघ्यावर बसून सळईचं टोक तसूतसूनं सरकवत होते आणि माझा चेहरा बघत होते. कप्प्यापाशी थेंब बारीक. वर, काचेच्या खाली, जरा मोठा. मग मी बाहेर आले. वायपरच्या मुळाशी जी काळी जाळी असते तिथे सळई टेकवली आणि माझ्या डोक्यात अख्खी टाकी हिंदकळली.

माझा हात आपोआप वर झाला.

ह्यांनी जाळी काढली. खाली काचेच्या रुंदीची पन्हाळ होती, आणि ती काठोकाठ भरलेली. कुजलेला पाला, माती आणि वरून पाणी. तिथूनच काठ ओलांडून ते माझ्या बाजूला असलेल्या आतल्या पंख्याच्या भोकात आणि तिथून माझ्या मांडीवर येत होतं.

“काचेवरचं पाणी इथे येणारच,” हे म्हणाले. एकदम जुना माणूस जागा झाला होता. “पण आलेल्या पाण्याला जायला वाट ठेवलेली असते. ती वाट कुठेय?” आणि हे उताणे गाडीखाली शिरले.

बराच वेळ नुसते दोन पाय दिसत होते. “काय झालं? दिसलं का?” मी विचारलं. मग आठवलं, आणि तळपायाला हात लावला. पाय हलले, पण हे बाहेर येईनात.

तेवढ्यात गॅरेजवाला आला. हॉर्न आणि माझ्या किंकाळ्या त्याच्यापर्यंत पोचल्या होत्या. तोही ह्यांच्या शेजारी गाडीखाली घुसला.

“च्यायला काका, हे तर कुणीतरी मुद्दाम बुजवलंय!” त्याचा आवाज खालून आला. “पुढच्या चाकामागे दोन्हीकडे पाणी जायची भोकं असतात, ती बंद केलीत. सफेदा काय, धागा काय, वरून लेप काय! प्लंबरचं काम दिसतंय. काम एक नंबर हं, जन्मात नाही गळणार. पण कोण गाढव होता हा?”

“हं,” हे म्हणाले.

एवढ्या सगळ्या काळात ते पहिलं ‘हं’ होतं, जे पूर्ण ऐकून दिलेलं होतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षी गाडी धुतल्यावर खालून ठिबकताना ह्यांनी पाहिलं होतं. “गळतेय बिचारी,” म्हणाले होते आणि दुपारभर जीव ओतून खाली काहीतरी करत बसले होते. गाडी बनवणाऱ्यानं पाणी जायला मुद्दाम ठेवलेली वाट आमच्या ह्यांनी, जन्मभराच्या सवयीनं, बुजवून टाकली होती. थेंब पडताना दिसला की तो थांबवायचा, एवढंच हा माणूस शिकला होता. तो थेंब तेव्हाही ह्यांना दिसलाच असणार, ऐकू नसेल आला.

गॅरेजवाल्यानं तार घालून दोन्ही बुचं उपसली. सगळी पन्हाळ त्याच्या तोंडावर रिकामी झाली. गाडीखालून त्याच्या ज्या शिव्या आल्या, त्या फक्त मला ऐकू आल्या, आणि मी त्या ह्यांना सांगितल्या नाहीत.

पन्हाळ साफ केली, जाळी बसवली. आत कोरड्या कागदाच्या घड्या पसरून पुन्हा पाणी मारलं. कागद कोरडे. मी आत बसून ऐकलं, सगळीकडे शांत. गालिचा वाळला होता. संध्याकाळी बाहेरच्या खोलीतली सीट परत गाडीत गेली आणि मला थोडं वाईटच वाटलं.

“लेकीला सांगणार ना?” मी विचारलं. “कानाचं?”

ह्यांनी ऐकलं होतं, कारण माझ्याकडेच बघत होते. “सांगेन. पण उद्या नको. उद्या मला नुसता आजोबा होऊ दे. तूही बोलू नकोस.”

मी कबूल केलं.

रविवारी स्टेशनबाहेर आमच्या मुलीनं गाडीत आधी नाक घातलं, मग हात घातला, मग गालिचा दाबून बघितला. “बाबा! खरंच कोरडी केलीत की!” जावयांना पुढे माझ्या जागेवर बसवलं. त्यांनी बसता बसता गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो असं सांगितलं, अगदी खाली मान घालून. मी आणि मुलगी मागे, नात मुलीच्या मांडीवर. हे स्टिअरिंगमागे असे ताठ बसले होते की काय सांगू.

गाडी सुटली आणि नातीनं भोकाड पसरलं. भोकाड म्हणजे, जीव केवढासा, आवाज केवढासा! अगदी बारीक, सुईसारखा. इंजिनाच्या घरघरीत तो पुढे किती जात होता कोण जाणे. पण थांबेना. मुलीनं जोजवलं, मी खुळखुळा वाजवला, जावयांनी मागे वळून तोंडं केली. लाल झाली पोरगी, तरी एका सुरात चालूच.

आणि पुढून हे आरशातसुद्धा न बघता, रस्त्यावर नजर ठेवून, अभिमानानं म्हणाले, “काय शहाणी आहे गं नात! हूं नाही की चूं नाही.”

जावई खिडकीबाहेर बघायला लागले. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी कबूल केलं होतं. मुलीच्या हातावर हात ठेवला आणि मोठ्यानं, अगदी मोठ्यानं म्हणाले, “हो! आजोबांवर गेलीय!”

घराशी गाडी थांबली. हे उतरले, वळसा घालून आले, जावयांना बाहेर काढलं. मग हसत हसत मागचं दार उघडलं आणि नातीला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

तिचं तोंड टाळूपर्यंत उघडं होतं. डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत ओघळलेलं. हे तसेच वाकून उभे राहिले. हात पुढेच. मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मग माझ्याकडे पाहिलं.

“कधीपासून?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “स्टेशनपासून,” मी म्हणाले.

ह्यांनी मान डोलावली. “बाबा...” मुलगी म्हणाली. ह्यांनी नातीला उचललं. खांद्यावर घेतलं नाही, थोपटलं नाही. तिचं इवलंसं डोकं तळव्यात धरून सांभाळत वर नेलं आणि आपल्या कानाच्या मागे, हाडाला टेकवलं. डोळे मिटले.

आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. पोरगी रडतच होती. गॅलरीतल्या वहिनीसुद्धा गप्प उभ्या होत्या. बराच वेळ गेला. मग ह्यांनी मोकळा हात हळूच वर केला.